आयशम टॅकेटचं मत

निवडणुकीच्या सकाळी कोर्टाच्या अंगणात माणसं नेहमीपेक्षा लवकर जमली होती, आणि ती काही माझ्या भावावरच्या प्रेमापोटी आली नव्हती. जमीनदार मेजर क्रॉस्लिनची फुकट व्हिस्की होती, एल्मच्या झाडांखाली मोठाल्या कढयांत मटण रटरटत होतं, हे खरं. पण तेवढं तर दर निवडणुकीला असतं. या वेळी आयशम टॅकेट मत द्यायला येणार होता. ज्या जजने जूनमध्ये त्याच्या मुलाला फासावर चढवलं, तो जज समोर खुर्चीत बसलेला असणार, आणि आयशमला त्याच्या तोंडावर, सगळ्यांच्या देखत नाव घ्यायचं होतं. तो कुणाचं नाव घेतो, ते ऐकायला लोक आले होते.

तो जज म्हणजे माझा धाकटा भाऊ, थिओफिलस ब्रॅशिअर. त्याची बायको गेल्यापासून त्याचं घर मी सांभाळते. म्हणजे त्याच्या कॉलरना खळ घालते, पोट बिघडलं की त्याला मक्याची पेज करून देते, आणि त्याच्याबद्दल लोक काय बोलतात ते ऐकून घेते.

आमच्या केंटकीत मत लपवून देत नाहीत. दुसरीकडे म्हणे चिठ्ठी घडी करून पेटीत टाकतात. आमच्याकडे माणूस टेबलासमोर उभा राहतो, टोपी काढतो आणि मोठ्याने नाव घेतो. शेरीफ तेच नाव ओरडून सांगतो, कारकून लिहून घेतो, आणि ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार खुर्चीतून उठून, कमरेत वाकून आभार मानतो. हे आभार मानणं थिओला फार सुरेख जमायचं. प्रत्येकाचं आडनाव त्याला पाठ, कुणाचं खेचर आजारी आहे तेही पाठ. बायकांना मत नाही, तेव्हा आम्ही खिडक्यांबाहेर कढया ढवळायच्या. ऑगस्टच्या उकाड्यात खिडक्या सताड उघड्या असतात, त्यामुळे आतलं सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

थिओचं चरित्र आता काउंटीच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकात छापून आलं आहे, चित्रासकट. त्यात लिहिलंय की तो 'स्वाभिमानी शेतकऱ्याच्या' पोटी जन्मला. आमचे बाबा स्वाभिमानी असतीलही, पण शेत त्यांचं नव्हतं. आम्ही म्हाताऱ्या क्रॉस्लिनच्या, म्हणजे या मेजरच्या बापाच्या, जमिनीवरची कुळं. अर्धा तंबाखू त्याचा, अर्धा आमचा, आणि डोक्यावरचं लाकडी खोपट त्याची मर्जी असेपर्यंत. शेजारच्या खोपटात टॅकेट राहायचे. आयशम आणि थिओ बरोबरीचे. उन्हाळ्यात तंबाखूच्या पानांवरच्या हिरव्या अळ्या हाताने वेचून चिरडायच्या असतात. थिओला त्या अळ्यांची किळस यायची, ओकारी यायची. आयशम स्वतःची ओळ संपवून मुकाट्याने थिओच्या ओळीत शिरायचा. हे त्या पुस्तकात नाही.

थिओचा आवाज मात्र खरोखरच देवाघरचा होता. गावातल्या एका म्हाताऱ्या वकिलाने तो चर्चमध्ये ऐकला आणि पोराला आपल्याकडे ठेवून घेतलं. मग वकिली, मग राजधानी फ्रँकफोर्टची विधानसभा. राज्याची नवी घटना लिहायला बसले तेव्हा थिओ जेमतेम तिशीचा होता. तिथे कुणीतरी सूचना आणली की मत गुप्त असावं. त्यावर थिओ दोन तास बोलला. "स्वतंत्र माणसाला स्वतःच्या आवाजाची भीती कसली?" हे त्याचं वाक्य वर्तमानपत्रांनी छापलं, शाळेतल्या पोरांनी पाठ केलं, आणि त्या एका वाक्यावर तो वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये जाऊन बसला. तिथून एकाच मुदतीत परत आला, एक जुनाट खोकला आणि पुष्कळशा ओळखी घेऊन. उत्तर-दक्षिणेच्या युद्धात तो दोन्ही डगरींवर हात ठेवून होता. उत्तरेचे निळे शिपाई आले की निळ्यांना जेवण, दक्षिणेचे करडे आले की करड्यांना. दोघांना वाढत होते मीच. युद्ध संपल्यावर दोघांनाही तो आपला वाटला आणि तो जज म्हणून निवडून आला.

त्याला वाईट माणूस म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. त्याने कधी लाच घेतली नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही तो काठी मारत नसे. त्याची खोड वेगळीच होती. जे त्याच्या सोयीचं असेल ते रात्री त्याला सोयीचं वाटायचं आणि सकाळी उठल्यावर कायद्याचं वाटायचं.

मोठ्याने मत देण्याचा अर्थ काय होतो, हे आमच्यापैकी कुणाला नव्याने शिकवायला नको होतं. युद्धानंतर काळ्या माणसांनाही मत मिळालं. डेनिस नावाचा लोहार होता, पूर्वी क्रॉस्लिनांचाच गुलाम. पहिल्याच निवडणुकीत तो टेबलासमोर उभा राहिला आणि मेजरला नको असलेलं नाव त्याने खणखणीत घेतलं. महिना संपायच्या आत त्याच्या भट्टीला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि एका रविवारी तो बायकापोरांना घेऊन नदीपलीकडे ओहायोत निघून गेला. थिओ म्हणाला, "गेला बिचारा. चांगला कारागीर होता." एवढंच.

आता आयशमच्या पोराचं. वायली त्याचं नाव, बावीस वर्षांचा, बापासारखाच अबोल. मेजरचा पुतण्या रॅन्सम, त्याच्या शिकारी कुत्र्यांनी टॅकेटांच्या मेंढ्या फाडल्या. वायलीने एक कुत्रा गोळी घालून मारला. दुसऱ्या दिवशी रॅन्सम पिस्तूल घेऊन गिरणीवर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आज मी माझ्या कुत्र्याचा हिशेब करणार." वायलीच्या हातात मक्याची पोती उचलायचा दांडा होता. त्याने एकदाच मारला. रॅन्सम तिथेच पडला, परत उठला नाही.

खटला उभा राहिला तेव्हा कुणाला पिस्तूल आठवेना. गिरणीवाल्याला आठवेना, गिरणी मेजरची. स्पष्ट बघितलं होतं ते ज्यूबल स्टाइल्सने, आमच्या नावाड्याने. पण नेमका कोर्टाच्या दिवसांत मेजरने त्याला तंबाखूची होडी घेऊन लुईव्हिलला धाडला. ज्युरीची माणसं पुरेनात तेव्हा शेरीफने, आमच्याकडे करतात तसंच केलं. अंगणात उभे असलेले धरून आणून बसवले. आणि त्या दिवशी अंगणात जे उभे होते ते जवळजवळ सगळे मेजरच्या जमिनीवरचे होते. वायलीची बाजू लूथर एम्ब्री नावाच्या तरुण वकिलाने मांडली. पोरगा मनापासून बोलला, पण लाकडाशी बोलल्यासारखंच ते. खून, असा निकाल आला.

अजून एक दार उघडं होतं. जजला वाटलं तर तो निकाल रद्द करून नवा खटला चालवू शकतो. एम्ब्रीने तसा अर्ज केला, आणि थिओने विचार करायला आठवडा घेतला. त्याच आठवड्यात ज्यूबल परत आला. तो भर दुपारी आमच्या मागल्या दाराशी येऊन उभा राहिला. थिओ जेवत होता. मी ज्यूबलला आत घेतलं.

"जजसाहेब, जेवा तुम्ही. मी उभ्या उभ्या सांगतो आणि जातो," ज्यूबल म्हणाला.

"खटल्याबद्दल असेल तर मी घरी ऐकू शकत नाही."

"मग कुठे ऐकाल? कोर्ट होतं तेव्हा मला होडीवर पाठवलं. आता कोर्टात आलो तर म्हणतील उशीर झाला. रॅन्समने पिस्तूल काढलं होतं. त्याचा घोडाही मागे ओढला होता. मी इथून त्या चुलीइतका लांब होतो."

थिओने घास खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. "ज्यूबल," तो म्हणाला, "तू हे बोलायला नको होतंस."

"तुम्ही ऐकलं ना पण?"

"मी काही ऐकलं नाही. कायद्याने मला ऐकता येत नाही."

"मी ऐकलं," मी म्हणाले. "आणि तू बहिरा नाहीस, थिओ."

ज्यूबल टोपी घालून निघून गेला. थिओने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ताई, ऑगस्टमध्ये निवडणूक आहे. मेजरशिवाय मला खालच्या वस्त्यांतलं एक मत मिळणार नाही. पण त्याच्याशी याचा काही संबंध नाही, हे तू लक्षात घे."

"तू लक्षात घे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आयशम आला. तो पुढल्या दाराने आला, ओसरीवर थांबला, आणि मी बसायला सांगितलं तरी बसला नाही. थिओ बाहेर आला.

"थिओ," आयशम म्हणाला, आणि मग स्वतःच सुधारलं, "जजसाहेब. मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. पोराने मारलं. मारलं नसतं तर तोच मेला असता. पुन्हा एकदा सगळं ऐक, एवढंच मागतो. दुसरीकडची माणसं बसव. मग ते म्हणतील ते."

"आयशम, माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्याच हातात आहे म्हणून आलोय ना."

"हातात आहे, पण कायद्याच्या आत. तुला वाटतं मला झोप लागते?"

"मला तुझी झोप नको रे. पोरगा दे."

थिओ रडला. खरंच रडला, रुमाल काढून. त्याने आयशमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मी सगळं नीट तपासून बघेन, माझा शब्द आहे." आयशम बिचारा त्या रडण्यावर विश्वास ठेवून गेला. मी ओसरीवरून त्याला जाताना पाहिलं. आला होता त्यापेक्षा ताठ चालत होता.

आठवडा संपला आणि थिओने अर्ज फेटाळला. निकालपत्र फार सुंदर होतं म्हणतात. तरुण वकील अजून त्यातले उतारे वाचतात. साक्षीदार वेळेवर हजर करणं ही आरोपीची जबाबदारी, आणि जज दयेला बळी पडला तर न्याय कुणाच्या दारात उभा राहील, असं काहीतरी. पुढे गव्हर्नरने जजचं मत मागवलं, शिक्षा कमी करावी का म्हणून. थिओने कळवलं की या बाबतीत मत देणं जजला शोभत नाही. ज्याने सारा जन्म लोकांकडे मतं मागितली, त्याला त्या एका दिवशी मत देणं शोभेना. जूनमध्ये वायलीला फाशी झाली. थिओ त्या दिवशी अंधार करून खोलीत पडून होता, डोकं दुखतंय म्हणत. मी त्याला चहा दिला नाही. मागितला होता, तरी दिला नाही.

निवडणुकीला थिओविरुद्ध उभा राहिला तो लूथर एम्ब्रीच. वायलीचा वकील. तेव्हा आयशमने कुणाचं नाव घ्यावं, हे साऱ्या काउंटीला सरळ दिसत होतं. वरच्या डोंगरातले लोक म्हणत होते, टॅकेट जर टेबलासमोर उभा राहून एम्ब्रीचं नाव घेईल, तर त्याच्या मागून आणखी पन्नास कुळांना धीर येईल, आणि जज पडेल. मेजरलाही ते कळत होतं. आदल्या आठवड्यात त्याचा मुकादम घोड्यावरून खोपटा-खोपटातून फिरून आला. आयशमच्या बायकोने, सिरेनाने, मला नंतर सांगितलं की तो आत आलाच नाही. घोड्यावर बसूनच त्याने शेताकडे पाहिलं आणि म्हणाला, "तंबाखू छान आलाय. सोमवारी गाडी पाठवतो, मत द्यायला." आणि गेला.

सोमवारी मेजरच्या गाडीतून कुळं आली, तिच्यात आयशम होता. लोकांनी आपोआप वाट करून दिली. कढयांशी उभ्या असलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. मी खिडकीशी होते. माझ्यापासून हातभर अंतरावर, आतल्या बाजूला, मेजर क्रॉस्लिन चौकटीला टेकून उभा होता. तो आयशमकडे बघतही नव्हता, पेअर सोलून खात होता. एका बाजूच्या खुर्चीत थिओ, दुसऱ्या बाजूला एम्ब्री. एम्ब्रीने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले होते, उठायच्या तयारीत.

आयशमने टोपी काढली.

"आयशम टॅकेट," शेरीफ म्हणाला. "जजच्या जागेसाठी कुणाला मत?"

आयशमने मेजरकडे पाहिलं नाही, एम्ब्रीकडेही नाही. तो थिओकडे बघत राहिला. इतका वेळ की थिओला मान खाली घालावी लागली. मग त्याचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," शेरीफ म्हणाला. "मोठ्याने सांगावं लागेल, आयशम. कायदा आहे."

"ब्रॅशिअर," आयशम म्हणाला.

"आयशम टॅकेट, मत थिओफिलस ब्रॅशिअर यांना!" शेरीफ ओरडला. बाहेर अंगणात कुणीतरी शिवी दिली, ती मला स्पष्ट ऐकू आली. एम्ब्री खुर्चीत मागे टेकला. आणि माझा भाऊ उठला. त्याने कोटाचं बटण लावलं, छातीवर हात ठेवला, कमरेत वाकला, आणि त्या देवाघरच्या आवाजात म्हणाला, "आभारी आहे, मिस्टर टॅकेट."

जन्मात त्याने आयशमला 'मिस्टर' म्हटलं नव्हतं.

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी करेल. थुंकेल, हात उगारेल. त्याने फक्त टोपी घातली आणि तो माझ्या बाजूच्या दाराने बाहेर आला. मी कढई सोडून त्याच्यामागे गेले.

"आयशम, का रे?"

"तंबाखू अजून शेतात उभा आहे, पर्मी," तो म्हणाला. "कापणीला महिना आहे. दोन पोरी आहेत घरी." मग म्हणाला, "सिरेनाला सांगू नकोस मोठ्याने बोलावं लागलं म्हणून. तिला सांगितलंय की मी नुसती मान हलवून येईन."

मी त्याला ताटभर मटण दिलं. त्याने घेतलं नाही. गाडी परत जायला वेळ होता, म्हणून तो चालत निघाला.

त्याच्यामागून सगळी कुळं आली आणि सगळ्यांनी तेच नाव घेतलं. कुणाला अडखळायला झालं नाही. ज्याचा पोरगा गेला तोच हे नाव घेतो, तर आपण कोण लागून गेलो, असं त्यांच्या तोंडांवर दिसत होतं. संध्याकाळी थिओ मोठ्या फरकाने निवडून आला, आणि लोकांनी त्याला खांद्यावर बसवून घरापर्यंत आणला.

जेवायला बसलो तेव्हा त्याचे डोळे ओले होते. मला वाटलं, लाज वाटत असेल. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना.

"ताई," तो म्हणाला, "आयशमने मला माफ केलं."

मी चमचा खाली ठेवला.

"तू पाहिलंस ना तो माझ्याकडे कसा बघत होता? एकदाही नजर हलवली नाही. त्याला कळलं, ताई. मी जे केलं ते कायद्यासाठी केलं, हे त्या अडाणी माणसाला कळलं. उद्या त्यांच्याकडे एक हॅम पाठव. नको, दोन पाठव."

"मेजर कुठे उभा होता, ते पाहिलंस का?"

"मेजर? असेल खिडकीशी कुठेतरी. त्याचा काय संबंध?"

"आपले बाबा कुणाला मत द्यायचे, थिओ?"

"बाबा पक्के व्हिग होते. सगळ्या आयुष्यात एकदाही पक्ष बदलला नाही त्यांनी."

"बाबांना व्हिग म्हणजे कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. म्हातारा क्रॉस्लिन व्हिग होता. मतदानाच्या आदल्या रात्री बाबा चुलीपुढे बसून उमेदवाराचं नाव घोकायचे, चुकीचं बाहेर पडू नये म्हणून. तू मांडीवर असायचास त्यांच्या."

थिओचा चेहरा क्षणभर अगदी लहान मुलासारखा झाला. मला वाटलं, आता शिरलं डोक्यात. मग त्याने नॅपकिनने तोंड पुसलं. "तू फार कडू झाली आहेस, ताई," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "बाबा त्यांच्या मनाने मत देत होते. आणि आयशमही. मी त्या माणसाला ओळखतो. त्याच्या मनात नसतं तर कुणाच्या बापाची ताकद नव्हती त्याच्याकडून ते नाव वदवून घेण्याची."

मी ताट उचलून स्वयंपाकघरात नेलं आणि तिथेच उभ्याने जेवले. त्यानंतर मी त्याच्या टेबलावर कधी बसले नाही. त्याने कारण विचारलं नाही. हॅम मी पाठवली नाहीत, तर त्याने नोकराकरवी पाठवली. ती सिरेनाने कुत्र्यांना घातली, असं ऐकलं. मला बरं वाटलं ऐकून.

हे इथवरच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण थिओला त्या मताची गोष्टच करून टाकायची होती. दोन वर्षांनी वरच्या कोर्टाची, अपील कोर्टाची, जागा रिकामी झाली आणि तो उभा राहिला. आता एका काउंटीचं काम नव्हतं, अख्खा जिल्हा फिरायचा होता. प्रत्येक सभेत तो ती गोष्ट सांगायचा. आवाज खाली आणून म्हणायचा, "मी माझ्याच बालमित्राच्या मुलाला, काळजावर दगड ठेवून, शिक्षा सुनावली. आणि तो बाप, मित्रांनो, तो गरीब बाप, माझ्यासमोर उभा राहिला आणि साऱ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने माझं नाव घेतलं. मला सांगा, बंद पेटीत टाकलेल्या चिठ्ठीने असं कधी घडलं असतं?" बायका रुमाल काढायच्या. पुरुष खाकरायचे. अळ्या वेचल्याचंही तो सांगायला लागला होता, फक्त त्याच्या गोष्टीत तो आयशमची ओळ पुरी करायचा.

शेवटची मोठी सभा हार्मनी गावाला होती, एका अक्रोडाच्या राईत. मला यावंच लागलं. घरातलं माणूस मंचावर दिसलेलं बरं असतं म्हणे. मी पायऱ्या चढले आणि पाहिलं तर मागच्या रांगेत, मेजरच्या शेजारी, आयशम बसला होता. अंगावर मेजरचा जुना काळा कोट, बाह्या लांब झालेल्या. गुडघ्यांवर टोपी.

"हे काय, आयशम?" मी विचारलं.

"बसायला सांगितलंय," तो म्हणाला.

"सिरेना कशी आहे?"

"ती गेली ना. हिवाळ्यात." मला कुणी कळवलं नव्हतं. थिओला माहीत होतं की नाही, देव जाणे. "पोरी आहेत," तो म्हणाला. "धाकटी मेजरांच्या घरी कामाला लागली."

मी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. थिओ बोलायला उभा राहिला. खोकला सोडला तर आवाज अजून तसाच होता, तिशीतला. तो गोष्टीपर्यंत आला, बाप टेबलासमोर उभा राहिला, बापाने नाव घेतलं. आणि मग, दर सभेत थांबायचा तिथे तो थांबला नाही. वळला आणि हात पसरून म्हणाला, "आणि तो बाप आज इथे आहे. मिस्टर टॅकेट, उभे राहा."

आयशम उभा राहिला.

अक्रोडाच्या राईत एवढा गजर झाला की बांधलेले घोडे बुजले. माणसं बाकांवर चढली त्याला बघायला. एका बाईने पुढे येऊन त्याच्या कोटाच्या टोकाला हात लावला, पवित्र असल्यासारखा. थिओने डोळे पुसले, पुन्हा लोकांकडे तोंड केलं आणि तो पुढल्या मुद्द्याला लागला. रेल्वेचा कर, नदीवरचा पूल, शाळांच्या इमारती. लोक खाली बसले. भाषण चांगलंच लांबलं.

आयशम उभाच होता. उभं राहायला त्याला सांगितलं होतं. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. टोपी दोन्ही हातांत धरून, समोर कुठेच न बघता, तो उन्हात उभा होता.

मी त्याची बाही ओढली. "बस, आयशम. झालं तुझं काम. बस खाली."

त्याने मान वळवून आधी मेजरकडे पाहिलं. मेजर भाषण ऐकण्यात गुंग होता. आयशम उभाच राहिला.